घ्यायला कुणी येणार नाही

प्रिय वहिनी,

हे पत्र घरी न येता शिंपीणबाईंच्या दुकानात आलं म्हणून दचकू नकोस. मी आजारी नाही, मला अटक झालेली नाही आणि मी इथे लग्नही केलेलं नाही. शिवायला टाकलेले कपडे आणायला तू जाशील तेव्हा त्या हे तुझ्या हातात देतील, आणि तिथेच, त्यांच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून, तू ते वाचून संपवावंस अशी माझी इच्छा आहे. असं का, ते शेवटी सांगते. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. आपल्या घरात फोन कुणा एकाला येतच नाही, तो सगळ्यांना येतो. टेबलाच्या मधोमध ठेवतात, तुझा लेक आवाज मोठा करतो, सूनबाई खुर्ची ओढून बसते आणि दादा दर दोन वाक्यांनंतर विचारतो, "तिकडे हवा कशी आहे?" हवा बरी आहे, त्याला सांग.

मी इथे कशासाठी आले ते जगाला ठाऊक आहे. तुला एकटीनं प्रवासाला जायचंय, अनोळखी शहरात काही दिवस राहायचंय, आणि कुठल्या वस्तीत राहणं बरं ते ठरवायला मला पुढे पाठवलंय. तू ते बोललीस तो प्रसंग इथे मला पुन्हा पुन्हा आठवतो. तू जेवण वाढत होतीस, आणि वाढता वाढता, कुणाला काय हवं ते विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणालीस, "मला एकदा एकटीनं कुठेतरी जाऊन राहायचंय. मोठ्या शहरात. ओळखीचं कुणी नसेल तिथे." दादा म्हणाला, "जा की. मीठ दे जरा." तुझा लेक म्हणाला, "का गं आई? कुणी काही बोललं का तुला?" आणि माझं रक्त उसळलं. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. दादा पुटपुटला, "सुटली तोफ." सुटलीच! माणसांतली निम्मी घराबाहेर पडताना टोपी शोधतात आणि उरलेल्या निम्म्या कारण शोधतात, इथून मी सुरुवात केली. जहाजांतून गेलेल्या बायका आल्या, वाळवंटं ओलांडलेल्या आल्या, उंबरठ्यावरच अडलेल्या तर लाखांनी आल्या. सूनबाईनं डोळे पुसले. दादानं घास हातात धरून ठेवला. मी बसले तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि तुझा लेक भारावून म्हणाला, "पटलं, आत्या. शंभर टक्के पटलं. आई जाणारच. फक्त आधी तू जाऊन वस्ती बघून ये. आई एकटी असणार, वस्ती चांगली हवी." मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "अर्थात!" तू तेव्हा ताटं उचलत होतीस. त्यानंतर तू त्या विषयावर बोलली नाहीस. कोपऱ्यात भरलेली बॅग होती, शेजारी नवे कोरे चालायचे बूट होते. मी माझे कपडे बॅगेत वरून कोंबले, बूट चढवले आणि निघाले.

या बुटांवरून आधी भांडून घेते, म्हणजे मन मोकळं होईल. इतकी वर्षं एका घरात काढून तुला माझ्या पायाचं माप ठाऊक नसावं? एक नंबर लहान! गाडीतच अंगठे कुरकुरायला लागले, उतरेपर्यंत टाचा सोलून निघाल्या. आणि ती बॅग! माझ्या टिपणांचं बाड नाही, एक पुस्तक नाही, घसा धरला तर चघळायच्या गोळ्या नाहीत. निघालं काय, तर पातळ शाल, विणायच्या सुया, फिकट निळी लोकर आणि एक छोटा थर्मास. मी आणि विणकाम! तळाशी तर तुझेच कपडे. मला वाटलं, परक्या गावी मी जरा नीटनेटकी दिसावी म्हणून तू स्वतःचे उसने दिलेस. मग वाटलं, वहिनीचंही वय झालं, कुणासाठी भरतोय तेच भरताना विसरली असेल.

तरीही उतरले ती ताठ मानेनं. बॅग डाव्या हातात घेतली, उजवा मोकळा ठेवला आणि चेहऱ्यावर माझं ते प्रसन्न पण विचारमग्न हसू आणून फलाटावर उभी राहिले. गर्दी पांगली. हमाल गेले. मी उभीच. शेवटी एक झाडूवाली झाडत झाडत माझ्या पायांपर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, जरा सरका. कुणी येणार आहे का घ्यायला?" मी म्हटलं, "हो." "कोण?" आणि वहिनी, भर सभेत कधी निरुत्तर न झालेली तुझी नणंद एका झाडूपुढे निरुत्तर झाली. कोण येणार होतं? कुणीच नाही. उजवा हात मी पुष्पगुच्छासाठी मोकळा ठेवला होता!

हस, पोट धरून हस, पण पुढचं ऐक. सगळी हयात मी व्याख्यानं देत गावोगाव फिरले. "एकटी बाई, पण काय हिंडते!" असं लोक म्हणायचे, आणि मी मान जरा खाली घालून, पण पुन्हा म्हणाले तर बरं अशा बेतानं, ते ऐकून घ्यायची. खरं काय होतं? प्रत्येक स्टेशनवर दोन संयोजक. एक गुच्छ देणार, दुसरा बॅग घेऊन "प्रवास कसा झाला?" विचारणार. मग कुणाच्या तरी घराची वरची खोली, नवा साबण, पाहुण्यांसाठी राखलेला टॉवेल, दाराआडची कुजबुज, "बाईंना गरम पाणी लागतं, बाईंना तिखट चालत नाही." मग सभा, शिट्ट्या मारणारा माईक, परत स्टेशन. मी इतकी शहरं पाहिली म्हणून सांगते ना? त्यातल्या एकाही शहरात कुठे राहायचं ते मी ठरवलेलं नाही. बाईच्या एकटीनं फिरण्याच्या हक्कावर मी जेवढी भाषणं ठोकली, त्या प्रत्येक भाषणाला मला कुणीतरी हाताला धरून नेलं होतं!

पण मी डगमगले नाही. अनुभव नसला की तत्त्वं कामाला येतात. बाकावर बसूनच ठरवलं की माणसानं राहावं ते राबणाऱ्यांच्या वस्तीत. शहराचा चेहरा काय, रंगवलेला असतो, पाहायचे तर त्याचे हात पाहावेत. विचारत विचारत, लंगडत लंगडत, पत्र्याच्या पेट्या आणि बादल्या बनवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत पोचले, आणि एका कारखान्याच्या बरोबर डोक्यावर खोली मिळाली. घरमालकीण म्हणाली, "खाली ठोकाठोक चालते हां बाई, आधीच सांगते." मी म्हटलं, "ती ठोकाठोक नाही. ते श्रमाचं संगीत आहे." तिनं किल्ली देऊन टाकली. वहिनी, श्रमाचं संगीत पहाट फुटताच सुरू होतं. दाराशी झोपलेला माणूस खिडकीशी जागा होतो, कारण पलंग चालतो. दुपारी मी खाली उतरले. तक्रार करायला नव्हे, ती माझ्या तोंडून निघालीच नसती. कामगारांच्या कानांच्या रक्षणाबद्दल बोलायला. एका पालथ्या बादलीवर उभी राहून मी जे बोलले ते माझ्या उत्तम भाषणांत धरावं लागेल. संपल्यावर सगळ्यांत म्हातारा कारागीर कानामागे हात धरून म्हणाला, "काय म्हणालात, बाई? जरा जोरात बोला, इथे कुणाला ऐकू येत नाही."

मी जोरात बोलले. परिणाम असा झाला की संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली मला ओळखू लागली. खालून चहा आला, शेजारून उशी आली, समोरून तीन बायका आल्या. "एकट्याच आलात? घरचे कुठेत? भांडून निघालात का? सांगा हो मोकळेपणी, आम्ही काही कुणाला सांगायच्या नाही," असं म्हणून त्यांनी मी भांडून निघाल्याचं गल्लीभर सांगून टाकलं. मग मला एकटीनं जेवू द्यायचं नाही असा ठराव झाला. रोज वेगळं घर, रोज तोच प्रश्न, "मग परत कधी जाणार? माघार कुणालातरी घ्यावीच लागते हो." माणसं सोन्यासारखी. पण तुझी झोप सावध, मांजर चाललं तरी तू उठून बसतेस. म्हणून घरी द्यायच्या अहवालात लिहिलं, आवाज फार, वहिनीला चालणार नाही.

दुसरं तत्त्व ग्रंथांचं. विद्यापीठामागच्या चढावर, जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत, तर्कशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे खोली घेतली. स्वर्ग! नळ गळत होता. मी म्हटलं, "नळ गळतोय." ते म्हणाले, "गळतोय असं तुम्हाला वाटतंय. गळणं म्हणजे काय, ते आधी ठरवू." नळ गळत राहिला आणि आम्ही नाश्त्यापासून दुपारपर्यंत वाद घातला. विद्यार्थी जमले, जिन्यावर बसले, त्यांनी बाजू घेतल्या, एक तर माझ्या बाजूनं इतका तापला की त्याचा चष्मा खाली पडला. शेवटी मी जिंकले. गळणं निर्विवाद सिद्ध झालं, आणि त्याच क्षणी खालच्या मजल्यावरचा भाडेकरू उघडी छत्री घेऊन वर आला.

इथेच राहा असं तुला लिहायला मी बसलेही होते. मग म्हटलं, तुला त्या टेबलाशी बसवून तर पाहू. डोळ्यांपुढे चित्र आणलं. तू सकाळचा चहा हातात घेतलायस, आणि पलीकडच्या खुर्चीतून एक माणूस तुला विचारतोय, "यावर तुमचं मत काय?" आणि तू तोंड उघडायच्या आत तो स्वतःचं सांगतोय, मग तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगतोय, आणि तुझा चहा गार होतोय. मला एकदम वाटलं, हा देखावा आपण कुठेतरी पाहिलाय. कुठे, ते काही आठवेना. अहवालात कारण लिहिलं, चढ फार, वहिनीचा गुडघा.

तेवढ्यात तुझ्या लेकाचा फोन. "आत्या, तू कुठे भटकतेयस? मी इथून बघून ठेवलीय एक वस्ती. एक नंबर. लोकांनी पाच चांदण्या दिल्यात तिला." गेले. फाटकावर रखवालदार, त्याच्यापुढे रजिस्टर. नाव, वय, कुणाकडे, येण्याचं कारण. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, "स्वातंत्र्य." त्यानं ते वाचलं, भाडेकरूंच्या यादीवरून बोट फिरवलं आणि अदबीनं विचारलं, "कितव्या मजल्यावर राहतात?" आत सगळं गुळगुळीत. बाकं आहेत, त्यांवर कुणी बसत नाही. कारंजं आहे, त्याकडे कुणी पाहत नाही. कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे आहेत, ते मात्र सगळ्यांकडे पाहतात. संध्याकाळी मी कारंज्याच्या कठड्यावर बसले, ते मेले बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. अहाहा म्हणेपर्यंत फोन वाजला. तुझा लेक. "आत्या, तू कारंज्यात पाय का सोडलेस?" शेकडो मैलांवरून, वहिनी! पाहुण्यांच्या घरच्यांना सगळं कळवायची तिथे सोय आहे म्हणे, आणि ती त्यानं आगाऊ मागून घेतली होती. मी अनवाणी फाटकावर गेले आणि रखवालदाराला सुरक्षा आणि पहारा यांतला फरक समजावून सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, बाई. पाय पुसून घ्या." ही वस्ती सुरक्षित आहे, यात वादच नाही. आपलं स्वयंपाकघरही सुरक्षित आहे. तिथूनही कुणाला बाहेर पडलेलं मी पाहिलेलं नाही.

चौथी वस्ती मी निवडली नाही. तणतणत निघाले, समोर आली त्या बसमध्ये चढले आणि मनात तुझ्या लेकासाठी भाषण रचता रचता डोळा लागला. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा बस रिकामी. "उतरा बाई. याच्यापुढे बस जात नाही, आगार आहे." बाहेर पाहिलं तर जगातली सगळ्यांत कंटाळवाणी वस्ती. एक लाँड्री, एक चपला दुरुस्तीचं दुकान, एक खानावळ, ओळीनं उभ्या बस आणि झाडाखाली पाय पसरून बसलेले ड्रायव्हर. पुतळा नाही, वाचनालय नाही, सभागृह नाही. ज्याच्याविषयी मत द्यावं असं काही म्हणजे काही नाही. पण टाचा पेटल्या होत्या. लाँड्रीच्या वर "खोल्या मिळतील" अशी पाटी दिसली तशी आत शिरले. तिथली बाई चादरींच्या घड्या घालत होती. मी सांगितलं, मी व्याख्याती आहे. तिनं घडी घातली. मी सांगितलं, एकटीनं प्रवास करणाऱ्या बाईसाठी योग्य वस्ती शोधतेय, आणि एका अर्थानं हे फार मोठं सामाजिक काम आहे. तिनं दुसरी घडी घातली आणि विचारलं, "उशी एक की दोन?"

खोलीत पलंग, खुर्ची, खिडकी. संपलं. खानावळीत गेले आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला, बाकीच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, बसच्या वेळापत्रकातला अन्याय समजावून द्यायला लागले. तो "हं" म्हणाला आणि सूप पीत राहिला. मी मुद्दा वाढवला. कुणी मान वळवली नाही. कुणी विरोधसुद्धा केला नाही! बाई कुठल्या, एकट्या का, घरचे कुठेत, कुणाला काही पडलेलंच नव्हतं. वहिनी, माझ्यावर दगड आलेत, चपला आल्यात, एकदा तर आख्खा कोबी आला. पण "हं" कधी आला नव्हता. त्या अपमानानं मला धड झोप लागली नाही. अहवालात लिहिलं, राहण्यास अयोग्य. सकाळच्या पहिल्या बसनं निघायचं ठरवलं.

सकाळी अंघोळीला गेले. डोळ्यांत साबण गेला, हात पुढे केला, खुंटी मोकळी. आणि मी सवयीनं, अगदी खच्चून, हाक मारली, "वहिनीऽ! टॉवेल!"

कुणी "आले, आले" म्हणालं नाही. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. खाली लाँड्रीची यंत्रं घरघरत होती, तेवढंच. मी डोळे चोळत तशीच उभी राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी हाक मला स्वतःला ऐकू आली. टॉवेल खुर्चीवर होता. तो गुंडाळून खिडकीशी बसले, आणि बसल्या बसल्या आपलं सगळं घर ऐकू यायला लागलं. दादाचं "अगं, माझा चष्मा?" तो त्याच्या कपाळावर असतो. लेकाचं "आई, किल्ल्या?" सूनबाईचं "आई, उतू चाललंय!" आणि सगळ्यांच्या वर, माडीवरून, माझं "वहिनी, चहा! वहिनी, शाई! वहिनी, हे वाक्य ऐक, कसं वाटतं? थांब, अजून संपलं नाही!" प्राध्यापकांच्या टेबलाशी मला जो देखावा आठवत नव्हता तो तेव्हा आठवला. रोज सकाळी तो आपल्याच घरी असतो, आणि पलीकडच्या खुर्चीत मी असते.

तू एकच अट घातली होतीस, वहिनी. ओळखीचं कुणी नसेल तिथे. झोप, गुडघा, चांदण्या, पहारेकरी, या सगळ्या अटी आमच्या. एवढं मी बोलले, जहाजं आणली, वाळवंटं आणली, पण तुझं ते एक वाक्य माझ्या भाषणात कुठेच नव्हतं. मग माझी नजर दाराशी काढून ठेवलेल्या बुटांवर गेली. एक नंबर लहान. शाल, लोकर, सुया. तुझे कपडे. एकही पुस्तक नाही. तू माझं माप चुकली नव्हतीस. ती बॅग तू माझ्यासाठी भरलीच नव्हतीस. मी टाळ्या घेत होते तेव्हा ती आधीच भरून कोपऱ्यात उभी होती, आणि मी तुझी बॅग उचलून, तुझे बूट घालून, तुझ्या प्रवासाला निघून आले. आणि तू दारात उभी राहून म्हणालीस, "सांभाळून जा." दुसरी कुणी असती तर तिनं पायातले बूट ओढून काढले असते. मी असते तर मोर्चा काढला असता.

मग मी काय केलं असेल? तडक खाली गेले आणि चादरीवाल्या बाईला सांगितलं, "माझी वहिनी येणार आहे. हीच खोली तिच्यासाठी ठेवा. खुर्ची खिडकीशी असू द्या. तिला लवकर उठवू नका. गुडघा दुखतो, गरम पाणी वर पाठवत जा. भिडस्त आहे, काही लागलं तरी मागायची नाही, तुम्हीच अधूनमधून विचारा. आणि स्टेशनवर कुणाला पाठवता येईल का? हातात एखादं फूल असलं तर बरं." बाई म्हणाली, "ओळखायचं कसं?" मी म्हटलं, "सगळ्यांच्या शेवटी उतरेल. डब्याच्या दारात उभी राहून दुसऱ्यांना आधी वाट देत असेल." हे म्हणताना माझा आवाज बसला. बॅगेत घशाच्या गोळ्या नव्हत्या ना. आणि त्या बसक्या आवाजात मला ती जुनी कुजबुज ऐकू आली, बाईंना गरम पाणी लागतं. वहिनी, मी संयोजक झाले होते! फक्त माईक तपासून बघायचा राहिला होता. तिथल्या तिथे सगळं रद्द केलं, खोली, गरम पाणी, फूल. बाई म्हणाली, "बरं," आणि तिनं घडी घातली. पहिली बस केव्हाच सुटली होती. दुसरी समोर उभी होती, पण मी गेले नाही. अजून इथेच आहे, खिडकीशी, आणि "हं" ऐकायची सवय करतेय. सोपं नाही.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते शिंपीणबाईंकडे. मी पुढच्या रविवारी सकाळी घरी पोचते. दुपारी सगळे जेवायला बसले की अहवाल मागतील, आणि मी तो उभी राहून देईन. माणसानं पहिली वस्ती का वसवली इथून सुरुवात करीन, मग नद्या, मग तटबंद्या, पत्र्याच्या बादल्या फार पुढे येतील. मी बोलायला उभी राहिले की तुझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं हे आपण दोघींनी पाहिलंच आहे, एकदा तरी त्याचा तुला उपयोग होऊ दे. माझे कपडे तेवढे मी काढून घेते, खाली तू भरलेलं सगळं तसंच आहे. बॅग आणि बूट पुढच्या दाराशी ठेवते. बूट माझ्या पायांनी जरा सैल झालेत, जाड मोजे घाल. चोरून जायचं नाही. पुढच्या दारानं, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत जा, फक्त विचारू नकोस. कुणी "कुठे चाललीस?" म्हटलंच तर खरं ते सांग, मी आवाज चढवीन. तुझ्यामागे घरातल्या हाकांना मी ओ देईन. मला स्वयंपाक येत नाही हे त्यांना लवकरच कळेल, आणि कुठल्याही क्रांतीत थोडा उपास घडतोच. कुठल्या शहरात जायचं, कुठल्या वस्तीत राहायचं, ते तू तिथे पोचून ठरव. ठोकाठोकीच्या डोक्यावर राहा नाहीतर कारंज्यात पाय सोडून बस. आणि कुणाला कळवू नकोस, मलाही नको. मी विचारीनच, तरी सांगू नकोस. एवढंच लक्षात ठेव, गाडीतून उतरलीस की फलाटावर उगीच थांबू नकोस. तुला घ्यायला कुणी येणार नाही. ती व्यवस्था मी जातीनं केली आहे.

तुझीच,
तोफ